१९२ हप्ते आणि रोजची भाकर

पिंपरीहून एका भगिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वय ३६, शाळेत शिक्षिका. मिस्टरांची आयटीतली नोकरी मार्चमध्ये गेली, मुलगी चौथीत आहे आणि फ्लॅटच्या कर्जाची अजून १६ वर्षं बाकी आहेत. चार महिने झाले, रोज रात्री तीनच्या सुमारास त्यांना जाग येते, छाती धडधडते, हात गार पडतात, आणि मग उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत. प्रार्थनागटातल्या एका ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "चिंता म्हणजे अविश्वास. वचन सांगतं चिंता करू नका आणि तू करतेस, म्हणजे हे पाप आहे. गोळ्या बंद कर आणि विश्वास धर." शेवटी या भगिनी विचारतात, "मी रोज प्रार्थना करते, तरी मला शांती का नाही? माझ्यात काय कमी आहे?"

ताई, सलाम.

सगळ्यात आधी गोळ्यांचं बोलतो. त्या बंद करू नका. मी पाळक आहे, डॉक्टर नाही, पण २७ वर्षांच्या सेवेत गोळ्या परस्पर सोडल्यानंतरचे हाल मी बऱ्याच घरांत पाहिलेत. चिंतेच्या आजारावरच्या बऱ्याच औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती एकदम तोडली तर त्रास वाढू शकतो. कमी करायची असतील तर ज्यांनी दिली त्यांनाच विचारून, हळूहळू. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासलं नसेल तर तेही विचारा, धडधडीचं मूळ कधी कधी तिथे निघतं. नव्या करारातली पत्रं लिहिणारा प्रेषित पौल शुभवर्तमानकार लूकला "प्रिय वैद्य" म्हणतो. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या दुखण्यासाठी पौलाने त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, विश्वास वाढव असं सांगितलं नाही. गोळी गिळताना देवाचे आभार माना. आणि एखाद्या रात्री जगणंच नको असं वाटलं, तर सकाळची वाट न पाहता मिस्टरांना उठवा आणि १४४१६ ला फोन करा. ही सरकारची टेली मानस सेवा आहे, फुकट आहे, रात्रीही चालते, मराठीत बोलता येतं.

आता बायबलातल्या त्या वचनाकडे येऊ, कारण तुमची खरी जखम तिथे आहे.

"कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका." हे फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे. लिहिणारा पौल त्या वेळी कैदेत होता आणि आपण जगतो की मरतो हे त्याला ठाऊक नव्हतं, पहिल्याच अध्यायात तो तसं लिहितो. आता हाच माणूस करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात काय म्हणतो ते बघा. अकराव्या अध्यायात आपण खाल्लेले फटके, फुटलेली गलबतं, उपासमार, थंडी असं सगळं मोजून झाल्यावर तो म्हणतो, याखेरीज सगळ्या मंडळ्यांची, म्हणजे गावोगावच्या ख्रिस्ती समाजांची, चिंता रोज माझ्यावर आहेच. मूळ ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणचे शब्द एकाच धातूतले आहेत. त्याच पत्राच्या सातव्या अध्यायात तो कबूल करतो की मासेदोनियात आलो तेव्हा शरीराला स्वस्थता नव्हती, बाहेर भांडणं आणि आत भीती. मग पौल पापात होता का? त्याने ही वाक्यं लपवली नाहीत, पत्रात घालून साऱ्या मंडळीसमोर वाचायला पाठवली.

म्हणून "चिंता करू नका" हे वाक्य मला आई तापलेल्या लेकराला म्हणते तसं ऐकू येतं. "रडू नको रे, मी आहे ना." त्यात दरडावणी नसते. ते मूल पुढे तासभर रडलं म्हणून आई त्याला गुन्हेगार धरत नाही. येशू स्वतः गेथशेमाने बागेत काय म्हणाला? "माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे, तुम्ही येथे राहून माझ्यासह जागे राहा." देवाचा पुत्र घाबरला आणि त्याने सोबत मागितली. ज्या बाईंनी तुमच्या चिंतेला पाप म्हटलं त्यांच्या मनात वाईट नसेल. पण त्यांनी जे ओझं तुमच्या डोक्यावर ठेवलं ते ख्रिस्ताने ठेवलेलं नाही, ते आज खाली ठेवा.

हे मी इतक्या ठामपणे सांगतो कारण नवा नवा पाळक असताना मीही तसंच बोललो होतो. धंद्यात बुडालेला एक तरुण दोन वर्षं मंडळीत यायचा, शेवटच्या बाकावर बसायचा. त्याने एकदा मला थांबवून सांगितलं की झोप येत नाही. मी घाईत होतो. विश्वास कमी पडतोय, उपवास कर, एवढं बोलून मी निघालो. तो पुढच्या रविवारी आला नाही आणि पुन्हा कधीच आला नाही. त्याच्या घरी मी तीनदा गेलो, दार उघडलं नाही. तो रिकामा बाक मला आजही दिसतो.

त्या वचनाचा पुढचा भाग लोक घाईने वाचतात. "सर्व गोष्टींविषयी प्रार्थना व विनंती करून आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा, म्हणजे सर्व बुद्धिसामर्थ्याच्या पलीकडे असलेली देवाने दिलेली शांती तुमची अंतःकरणे व तुमचे विचार ख्रिस्त येशूच्या ठायी राखील." इथे "राखील" हे क्रियापद पाहा. मूळ शब्द लष्करी आहे, पहारेकरी वेशीवर उभे राहून नगर राखतात तो. फिलिप्पै ही रोमी वसाहत होती, निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलेली. पहारा म्हणजे काय हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत असणार. आणि पहारा कुठे बसवतात? जिथे शत्रूचं भय आहे तिथे. गावात काही धोकाच नसेल तर वेशीवर पहारेकरी कशाला लागतो?

तुम्ही शांती म्हणजे छातीतली धडधड थांबणं असं धरून बसलात. ती थांबली नाही की तुम्हाला वाटतं, मिळाली नाही. मी इतकी वर्षं जे पाहिलं ते वेगळं आहे. धडधड चालू असते, कर्ज असतं, निकाल यायचा असतो, आणि तरीही माणूस आतून ढासळत नाही. सकाळी उठून मुलीची वेणी घालतो, डबा भरतो, शाळेत जाऊन फळ्यावर तारीख लिहितो. ताई, चार महिने झोप नसताना तुम्ही हे रोज करताय. वेशीवर कोणी उभं नव्हतं असं तुम्हाला खरंच वाटतं?

आता रात्री तीनचं बोलू. तुमच्या पत्रातल्या आकड्यावर मी थोडा थांबलो. १६ वर्षं बाकी म्हणजे १९२ हप्ते. रात्री तीन वाजता तुम्ही हे १९२ हप्ते एका बैठकीत भरायला बसता. पैसा आजचा, देणं पुढच्या १६ वर्षांचं. मग मुलीची दहावी, तिचं इंजिनिअरिंग, सासऱ्यांचं आजारपण, सगळं त्याच रात्रीत. ते कुणाच्याच बुद्धीला पेलणार नाही.

इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, मिळायचा तो रोजचा रोज. बायबलातल्या निर्गमच्या १६ व्या अध्यायात आहे, काहींनी उद्यासाठी साठवून ठेवला तर सकाळी त्यात किडे पडले आणि घाण सुटली. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी मात्र दुप्पट मिळायचा आणि तो टिकायचा, म्हणजे तरतूद करायला देवाची ना नाही. तरतूद तुम्हीही करा. बँकेत जाऊन बोला, हप्ता काही काळ कमी करून मुदत वाढवता येते का ते विचारा. हे बोलायला दिवसाउजेडी जा, कागद घेऊन, दोघं मिळून. पण प्रभूने प्रार्थना शिकवली ती "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" अशी. शब्द किती साधा आहे बघा, भाकर. नगरकडे ज्वारीची भाकर खाऊन वाढलेल्या माणसाला माहीत असतं की भाकर रोज थापावी लागते. तिसऱ्या दिवशीची भाकर वाळून कडक होते. "ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे," हे मत्तयाच्या शुभवर्तमानात, ती प्रार्थना आहे त्याच सहाव्या अध्यायाच्या शेवटी येतं. येशूने दुःख नाही असं म्हटलंच नाही. एका दिवसाला एका दिवसाचंच उचल, एवढं म्हटलं.

जाग आली की मी सांगतो तसं करून बघा. मी हे इस्पितळाच्या वॉर्डात शिकलो, पुस्तकात नाही.

पलंगावर तळमळत पडू नका. उठा, स्वयंपाकघरात जा, दिवा लावा, पाणी प्या. मोबाईल हातात घेऊ नका, नोकरीच्या जाहिराती तीन वाजता बघायच्या नाहीत. मुलीच्या जुन्या वहीचं एक पान काढा आणि भीती नावानिशी लिहा. "भविष्याची चिंता" असं मोघम चालणार नाही. "ऑगस्टचा हप्ता भरला जाणार नाही," असं. "मिस्टर आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत, ते खचले तर काय," असं. देवाला मागणी "कळवा" म्हटलंय ना, मग अर्जात लिहितो तशी कळवायची. बहुतेकांच्या कागदावर चार-पाचच ओळी होतात. अंधारात त्या शंभर वाटत असतात. मग त्यातली जी गोष्ट उद्या करण्याजोगी आहे तिच्यापुढे खूण करा. बाकीच्यांवर तळहात ठेवा आणि मोठ्याने म्हणा, "प्रभू, हे माझ्याच्याने होत नाही. हे तू बघ." मोठ्याने म्हणा असं सांगतो, कारण मनातली प्रार्थना रात्री तीनला केव्हा चिंता होऊन जाते ते कळत नाही.

त्यानंतर श्वासाबरोबर एक छोटी प्रार्थना. पूर्वेकडच्या मंडळ्यांत ती शतकानुशतकं चालत आलीय. श्वास घेताना "प्रभू येशू ख्रिस्ता", सोडताना "माझ्यावर दया कर". सोडायचा श्वास लांब ठेवा. यरीहोच्या वाटेवर बसलेल्या आंधळ्याने असंच ओरडून म्हटलं होतं, लोक गप्प बस म्हणत होते तरी. दहा मिनिटं करा. झोप आली तर उत्तम. नाही आली तर तुम्ही देवाजवळ बसलात, ते वाया जात नाही.

एक गोष्ट सांगतो. एका मोठ्या इस्पितळाच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या हॉलमध्ये रात्री दीड-दोनची वेळ. नेवाशाकडचा एक शेतकरी, मुलगा आत व्हेंटिलेटरवर. मांडीवर स्टीलचा डबा तसाच बंद, हातात औषधांच्या दुकानाची पावती चुरगाळून चुरगाळून बोळा झालेली. मी जवळ बसलो, प्रार्थना करू का विचारलं. ते म्हणाले, "नको पास्टर. मी देवावर लई चिडलोय. असल्या तोंडानं प्रार्थना करू नये." मी बायबल उघडून १३ वं स्तोत्र वाचायला लागलो. पहिल्या दोनच ओव्यांत "कोठवर" हा शब्द चार वेळा येतो. कोठवर तू मला विसरणार, कोठवर तोंड लपवणार. ते ऐकत राहिले. मग पावतीचा बोळा उलगडत म्हणाले, "हे असं देवाला बोलता येतं?"

मी म्हटलं, "हे त्यानेच लिहून ठेवायला लावलंय."

तेव्हा ते बोलले. पाऊण तास बोलले, मला नाही, देवाला. शिव्यासुद्धा आल्या त्यात एकदोन. मी आमेन म्हटलं. मग त्यांनी डबा उघडला आणि अर्धी भाकरी मला दिली. मुलगा पुढे अकरा दिवस आत होता. त्या अकरा दिवसांत त्यांनी रोज ते स्तोत्र वाचून घेतलं, कारण चष्मा घरी राहिला होता.

दीडशे स्तोत्रांतली कितीतरी अशी गाऱ्हाण्याची आहेत. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. आपल्या प्रार्थनागटांत आपण फक्त स्तुतीचीच वाचतो, आणि ज्याच्या घरात आग लागलीय त्याला वाटतं या घरात माझ्यासाठी भाषाच नाही. तुम्ही १३ वं, ४२ वं आणि ८८ वं काढून ठेवा. ४२ व्यात माणूस स्वतःच्याच जिवाशी बोलतो, "तू का खिन्न झालास?" ते तुमच्या उपयोगाचं आहे.

गोळ्यांवरून, झोपेवरून तुम्हाला कोणी बोललं तर त्यांना संदेष्टा एलीया याची गोष्ट वाचायला सांगा, बायबलात १ राजे १९. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर त्याने आकाशातून अग्नी उतरवला होता. लगेच पुढे तो जिवाच्या भयाने रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि मला मरण दे म्हणाला. देवाने काय केलं? त्याला झोपू दिलं. मग दूताने हात लावून उठवलं, निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याची सुरई समोर. खाल्लं, पुन्हा झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा खायला दिलं, "तुला लांबची मजल मारायची आहे" म्हणून. "तू इथे काय करतोस" हा प्रश्न देवाने त्याला पुष्कळ नंतर विचारला, चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोचल्यावर. आधी झोप आणि भाकर. आणि शेवटी त्याला अलीशा दिला, सोबतीला माणूस.

सोबतीचं मुद्दाम सांगतो, कारण तुमच्या पत्रात मिस्टर फक्त काळजीचा विषय म्हणून आलेत. ते स्वतः काय भोगतायत ते नाही आलं. नोकरी गेलेला पुरुष आपल्याकडे घरातही पाहुण्यासारखा वावरतो. रात्री निजण्याआधी पाच मिनिटं दोघं शेजारी बसा. लांबलचक कौटुंबिक उपासना नको, एकाने एक वाक्य बोलायचं, दुसऱ्याने एक. त्यांना येत नसेल तर ३१ व्या स्तोत्रातली ओळ पुरे, "मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो." येशूने वधस्तंभावर शेवटी हीच उच्चारली. मंडळीतल्या दोनच भरवशाच्या माणसांना खरी परिस्थिती सांगा, सगळ्यांना नको. शक्यतो अशांना सांगा जे लगेच उपदेश करत नाहीत.

आणि कोणी "नोकरीसाठी विश्वासाने बीज पेरा, इतके हजार अर्पण पाठवा" असं म्हणालं तर एक रुपया देऊ नका. कृपा विकत मिळत नाही. याबद्दल माझ्या मनात अजिबात दोन मतं नाहीत.

आमच्या जुन्या मंडळीत एक आजी होत्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. पहाटे प्रार्थनेला बसल्या की एकेक काळजी बोलायची आणि पदराला एकेक गाठ मारायची. सुनेचं बाळंतपण, एक गाठ. विहिरीचं पाणी, एक गाठ. दिवसभर त्या गाठी घेऊन शेतात खुरपायच्या. संध्याकाळी दिवेलागणीला बसून एकेक गाठ सोडायच्या. मी एकदा विचारलं, "आजी, काम झालं नाही तरी सोडता?" म्हणाल्या, "व्हय की. गाठ माझी हाय, काम त्याचं हाय. ठिवून काय करू, पदर फाटंल." दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच काळजीची त्या पुन्हा गाठ मारायच्या. मला ते फार मोलाचं वाटतं, पुन्हा गाठ मारणं. येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका. एकदा टाकली की ती परत येणार नाही, असं तो म्हणत नाही. परत येते. परत टाकायची.

तुम्ही विचारलंत, माझ्यात काय कमी आहे. त्याला मी पंडिता रमाबाईंचं उत्तर देतो. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण डोळ्यांदेखत गेली. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच नवरा गेला, पदरात तान्ही मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण मनाला निश्चिंतता मिळाली ती त्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी, असं त्यांनी स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवलंय. आठ वर्षं त्या प्रार्थना करत होत्या, काम करत होत्या, मुंबईत विधवांसाठी शारदा सदन याच काळात उघडलं, आणि आत शांती नव्हती. त्या आठ वर्षांत रमाबाईंमध्ये काय कमी होतं? मला तर काही दिसत नाही. आणि नंतर जी मिळाली ती कसल्या दिवसांत टिकली ते बघा. १८९६ चा दुष्काळ पडला तेव्हा ज्या बाईने स्वतः उपासमार भोगली होती ती मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून घेऊन आली. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशन या संस्थेचा विस्तार त्यातून झाला. १९२१ मध्ये मनोरमा वारली, आणि तरी म्हातारपणी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या.

केडगाव तुमच्यापासून लांब नाही. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने जाता येतं. एखाद्या शनिवारी मिस्टरांना आणि मुलीला घेऊन जा. डबा बरोबर घ्या. काही मागायला म्हणून जाऊ नका, नुसतं बघून या, दिवसभर मोकळ्या हवेत राहा, तिघंच.

महिन्याभराने मला कळवा, झोप किती तास होते ते आणि डॉक्टर काय म्हणाले ते. तुमचं, मिस्टरांचं आणि मुलीचं नाव मी माझ्या पहाटेच्या वहीत लिहून घेतलंय. ऑगस्टचा हप्ताही लिहिलाय. सप्टेंबरचा अजून नाही.